डबा शहरात, प्रश्न रानात

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत जिओकॅशिंग (लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याचा खेळ) खेळणारी, मुलाबाळांना खेळवणारी आणि यंदाच्या थंडीत पहिला डबा लपवायच्या तयारीत असलेली सर्व मंडळी

विषय : येऊर, नागला, कर्नाळा आणि खाडीकाठच्या रानात डबे न ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली, येऊरच्या वाटा वाळल्या की आपल्या मंडळींच्या हाताला खाज सुटते. कुणी झाकणाला रबर असलेले चांगले डबे आणून ठेवलेले असतात, कुणी छोट्या वहीला प्लॅस्टिक चढवून तयार असते. मग बेत शिजतो. दोन डबे पाटोणापाड्याच्या अलीकडे, एक मामा-भाच्याच्या डोंगराकडे, एक नागल्याला, आणि जोडून सुट्टी आली तर खारघरच्या डोंगरावर. हे बेत कानावर आले म्हणून लिहायला बसलो. म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना तो लवकर येईल : राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात आणि वनखात्याच्या डोंगरांत डबा ठेवू नका. खेळ मात्र तिथे जरूर न्या.

मी निवृत्त भूकरमापक. नोकरी लोकांच्या हद्दी मोजण्यात गेली. सुरुवात तेहतीस फुटी साखळी आणि प्लेन टेबलवर झाली, शेवटी शेवटी हातात इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. त्यामुळे सुनेने जेव्हा फोनवर हा खेळ दाखवला, अक्षांश-रेखांश देऊन 'जा, शोध' म्हणाली, तेव्हा मला तो खेळ वाटलाच नाही. कुणीतरी जुनी नोकरी रविवारची परत दिल्यासारखे झाले. तेव्हापासून सून, नातवंडे, साडू आणि त्यांच्या घरची माणसे, शिवाय बिल्डिंगमधली दोन-तीन कुटुंबे असा आमचा तांडा निघतो. बटाट्याची भाजी आणि पोळ्या कोण आणणार यावर निघण्याआधी वाद होतो, तो वेगळा.

ज्यांना खेळ ठाऊक नाही आणि हे पत्र सहज हाती पडले आहे, त्यांच्यासाठी चार ओळी. २ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. सामान्य माणसाच्या यंत्राला जागा कळे, पण शंभर मीटरपर्यंतच्या फरकाने. त्या दिवशी ही मिसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या एका रानात काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. खेळ इथून सुरू झाला. आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे आहेत. डबा सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, काही वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची, डबा होता तसा होता तिथे ठेवायचा.

त्या पहिल्या बादलीबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती जमिनीत अर्धी पुरलेली होती आणि तिच्यात पुस्तके, कॅसेट यांच्यासोबत खायच्या बीन्सचा एक डबाही होता. आजच्या नियमांत यातले काहीच बसत नाही. खड्डा खणायला बंदी, खाद्यपदार्थ ठेवायला बंदी. म्हणजे खेळणाऱ्यांनीच अनुभवाने नियम बदलले. तेव्हा 'खेळ असाच असतो' हे उत्तर मला देऊ नका. खेळ पहिल्या दिवशी होता तसा कधीच राहिलेला नाही.

आता रानात नेमके काय होते ते माझ्या धंद्याच्या हिशेबाने सांगतो.

आपण अक्षांश मिनिटांच्या तीन दशांशांपर्यंत लिहितो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून त्याचा हजारावा भाग १.८५ मीटर. कागदावर आकडा असा नेटका दिसतो की डबा पावलावर आहे असे वाटते. पण हातातला फोन उघड्या मैदानात चार-पाच मीटरने चुकतो, आणि झाडांच्या छपराखाली किंवा काळ्या कातळाच्या भिंतीशेजारी उपग्रहाचा संकेत आपटून, वळून येतो तेव्हा दहा मीटर, कधी जास्त. फोन जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि आपले नाविक धरतो हे खरे, पण पानांचा ओला थर सगळ्यांनाच आडवा येतो. नातीला मी पहिल्यांदा हेच शिकवले : एका वेळच्या आकड्यावर विश्वास टाकायचा नाही. जागेवर फोन स्थिर धरून आकडे टिपायचे, तासाभराने पुन्हा यायचे, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा, कारण तोवर डोक्यावरचे उपग्रह बदललेले असतात. मग सरासरी काढायची. तिला हे इतके आवडले की घराच्या गच्चीचीही सरासरी काढून झाली.

तरी दहा मीटरचा घोळ उरतोच असे धरा. दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा एका डब्यापायी आपण तीन गुंठे रान तुडवायला देतो. पहिला गट येतो, दगड उलटतो, झुडपे बाजूला सारतो. दुसरा गट त्याच खुणांवरून आत शिरतो. तिसऱ्या गटाला आकड्यांची गरजच राहत नाही, मळलेली पायवाट त्यांना थेट डब्याशी नेते. जुन्या खेळाडूंनी अशा वाटेला 'जिओट्रेल' असे नावही देऊन ठेवले आहे, म्हणजे रोग सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या नगरपालिकेच्या बागेत याने काही बिघडत नाही. येऊरला बिघडते. इथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली होती, २०२४ ला फुलली, पुढची २०३२. आत्ता उतारांवर उभी आहेत ती २०२४ च्या बियांची कोवळी रोपे. गुडघ्याएवढ्या रोपट्यांत वर्तुळ आखून उकराउकर करणारे आपण, आणि २०३२ ला 'फुलोरा कुठे दिसेल हो?' म्हणून विचारणारेही आपणच.

कायद्याचेही बोलतो, थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याचे कलम २७ अभयारण्यात विनापरवाना शिरायला आणि कचरा टाकायला मनाई करते. कलम ३५ त्याच तरतुदी राष्ट्रीय उद्यानाला लावते. येऊर आणि नागला हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे भाग. कर्नाळा अभयारण्य. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासूनचे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तुम्ही म्हणाल, आमचा डबा कचरा नाही, त्यात वही आहे, शिसपेन्सिल आहे. वनरक्षकाच्या नजरेने बघा. परवानगीविना रानात टाकलेली, मालक जागेवर नसलेली प्लॅस्टिकची वस्तू. तिला तो दुसरे काय म्हणेल?

खेळाचे स्वतःचे नियमही हेच सांगतात. जागेच्या मालकाची परवानगी हवी, ही पहिली अट. झाडाला खिळा नको. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. लष्करी ठाणी, शाळा, मोठे पूल, धरणे यांच्या जवळ डबा नको. येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचे ठाणे आहे हे आपण सगळे जाणतो, त्याच्या भिंतीकडे बघत कितीदा चाललो आहोत. तरी कुणीतरी त्याच रस्त्यालगत डबा सुचवतो तेव्हा मला खरेच नवल वाटते. खेळाच्या संकेतस्थळावर डब्याची नोंद प्रसिद्ध होण्याआधी ती तपासणारे स्वयंसेवक असतात, पण ते नकाशा बघून ठरवतात. तुम्ही 'परवानगी आहे' असे लिहिले तर ते मानून चालतात. ते खोटे लिहायचे की नाही, हे आपल्यावर आहे.

आणि जगभर चालते म्हणता, तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतसुद्धा उद्यानाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. खेळ जिथे जन्मला, तिथली ही गोष्ट.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पुढचे जरा सावकाश वाचावे.

हा खेळ डोळ्याला एक सवय लावतो. दगडांची जरा जास्त नीट रचलेली रास दिसली, खोडाला ढोली दिसली, पडलेल्या ओंडक्याखाली पोकळी दिसली की हात आपोआप तिकडे जातो. सातवीतल्या मुलाचा तर मेंदूच्या आधी जातो. आपल्या टापूत त्या जागा रिकाम्या नसतात. दगडाखाली फुरसे असते, विंचू असतो. पालापाचोळ्यात घोणस असते आणि ती पाचोळ्याच्याच रंगाची असते. पावसाळ्यात झुडपात हिरवा चापडा वेटोळे करून असतो. आमच्या तांड्यात नियम आहे की हात घालण्याआधी काठी, आणि काठीआधी विजेरी, आणि पायात बूट. तरीही सांगतो, नियम पाळायला मोठा माणूस शेजारी हवा, आणि 'मला सापडला' म्हणायच्या घाईत असलेले मूल मोठ्या माणसाच्या पुढे पळते.

बिबट्याचे दुसरे. हे उद्यान आणि त्याला लागून असलेले रान यांत अलीकडच्या कॅमेरा-ट्रॅप गणनांत चाळीसच्या वर बिबटे नोंदले गेले आहेत, आणि तेही उद्यान तीन बाजूंनी वस्तीने वेढलेले असताना. बिबट्या उभ्या, मोठ्याने बोलणाऱ्या माणसांच्या घोळक्याला सहसा टाळतो. वनखाते आणि अभ्यासक जे वारंवार सांगतात ते असे : संध्याकाळनंतर मुलांना एकटे सोडू नका, झुडपाशी वाकून किंवा उकिडवे बसू नका. आता डबा शोधणारे मूल काय करते ते आठवा. नेमके झुडपाशी, वाकून, उकिडवे, घोळक्यापासून पाच-दहा मीटर पुढे. आणि तोवर पाच वाजलेले असतात, कारण शेवटचा डबा सापडत नसतो.

जनावरांना आपला डबा कळतो तो वासाने. एका रानात (कुठले ते लिहीत नाही) आम्हाला एक डबा मिळाला होता. झाकण कुरतडलेले, बहुधा साळिंदराने. आत चॉकलेटचे वेष्टन, भिजून लगदा झालेली वही आणि वाळवीने धरलेली पेन्सिल. भोवतालची जमीन कुणीतरी हातभर खणलेली. ठेवणारे कोण होते कळायला मार्ग नव्हता. वहीतली नावे वाहून गेली होती. एरवी खाऊ नसला तरी माकडे झाकण उघडून बघतातच, त्यांनी आपल्या पिशव्यांवर पुरेसा सराव केलेला आहे.

या रानात माणसेही राहतात, हे आपण फार पटकन विसरतो. येऊरच्या पाड्यांवरची वारली कुटुंबे आपल्या आधीपासून तिथे आहेत. पावसाच्या सुरुवातीला ठाण्याच्या बाजारात शेवळे, टाकळा, कुरडू घेऊन बसणाऱ्या बायका याच आसपासच्या रानांतून भाजी खुडून आणतात. त्यांच्यातल्या एखादीला झुडपात चिकटपट्टी गुंडाळलेला डबा दिसला तर तिने काय समजावे? आपण ती माणसे आहोत ज्यांना स्टेशनवर रोज 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकू येते. १९९३ आणि २००६ चे बॉम्बस्फोट पाहिलेल्या शहरांत कुणी डबा बघून पोलिसांना बोलावले तर तो त्याचा शहाणपणा आहे. चौकशी मात्र तुमची आधी होणार नाही. ती आधी पाड्यावर होईल. आणखी एक विनंती याच ओघात : वाघोबाच्या देवस्थानाजवळ डबा ठेवू नका, शोधाचा टप्पाही ठेवू नका. नकाशावर खूण म्हणून सोयीचे ठिकाण आहे हे मला कळते. तो कुणाचा तरी देव आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, काका, मग घरीच बसायचे का? नाही. उलट बाजूला जाण्याआधी एवढेच म्हणतो की डबा हा खेळाचा एक भाग आहे, अख्खा खेळ नाही.

माझ्या मते आपल्या डोंगरांसाठी खरा खेळ आहे अर्थकॅश. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने तो २००४ मध्ये सुरू झाला आणि पहिला अर्थकॅश ऑस्ट्रेलियात समुद्रकाठच्या खडकांवर नोंदला गेला. यात काहीच ठेवायचे नसते. आकडे देऊन माणसाला एखाद्या खडकापाशी, ओढ्यापाशी, कड्यापाशी न्यायचे आणि तिथे उभे राहून, डोळ्यांनी बघितल्याशिवाय देता येणार नाहीत असे प्रश्न विचारायचे. उत्तर ठेवणाऱ्याला पाठवले की शोध लागला असे धरतात. जागेची परवानगी यालाही लागते, पण 'आम्ही काही ठेवणार नाही, बघून जाणार' असे म्हणणाऱ्याला परवानगी मागताना मान खाली घालावी लागत नाही.

आणि बघायला आपल्याकडे काय कमी आहे! सगळा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. येऊरच्या ओढ्यात पाणी ओसरले की कातळावर भोके दिसतात. ती त्या लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची. काही रिकामी, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. आता प्रश्न असा घाला : भोके गोल आहेत की लांबट? लांबट असतील तर बहुतेकांचे तोंड कुठल्या दिशेला? लाव्हा थिजता थिजता वाहत असला तर बुडबुडे वाहण्याच्या दिशेने ताणले जातात. म्हणजे होकायंत्र लावून बसलेली दहा वर्षांची पोर लाव्हा कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधते. आमच्या नातीने बांधला. तिच्या मावशीने उलटा बांधला, आणि दोघींचे भांडण पोळी-भाजी संपेपर्यंत चालले. एवढा वेळ कुठल्या डब्यावर गेला नव्हता.

पारसिकच्या डोंगरात जुन्या खाणींनी कापलेल्या भिंती आहेत, लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येतील अशा. खारघरला पांडवकड्याची भिंत आहे, पण ती हिवाळ्यात आणि लांबून. पावसाळ्यात तिथे जायला मनाई असते, आणि तिथे माणसे बुडून गेली आहेत, तेव्हा त्या मनाईला वळसा घालणारे आकडे कुणी कुणाला देऊ नयेत. भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. हात लावून तापमानाचा अंदाज करा, मग थर्मामीटर लावा, एवढाच प्रश्न पुरे. घरचे सगळे येतात, आजीसुद्धा येते, कारण तिला कुंड आधीपासून ठाऊक असते.

अर्थकॅशमध्ये प्रश्न भूविज्ञानाचेच लागतात. झाडांचे प्रश्न घालायचे असतील तर ते आपल्या घरगुती खेळात घाला, त्याला कुणाच्या नोंदणीची गरज नाही. काटेसावरीच्या खोडावर काटे कुठवर आहेत, कोवळ्या झाडाला जास्त की जून झाडाला? ऐनाची साल शोधा, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पळसाची पाने तीनच का मोजली ते सांगा. उत्तरे वहीत, वही आपल्या पिशवीत.

डबा उघडण्याच्या आनंदाचे काय, हा प्रश्न खरा आहे. लहान मुलाला लाव्ह्याच्या दिशेने पोट भरत नाही, त्याला झाकण उघडायचे असते. त्यासाठी मल्टी-कॅश आहे आणि तो आपल्याकडे कुणी फारसा बांधत नाही याचे मला आश्चर्य वाटते. पहिले चार-पाच टप्पे रानात, ठरलेल्या वाटेवर, पण फक्त प्रश्नांचे. पाटीवर लिहिलेल्या आकड्यातला शेवटचा अंक, पुलाच्या कठड्याचे खांब, अमुक कातळातले थर. या उत्तरांतून एकेक अंक मिळतो, अंक जोडले की शेवटचे अक्षांश-रेखांश तयार होतात, आणि ते आकडे तुम्हाला रानातून बाहेर, शहरात आणतात. डबा तिथे. सोसायटीच्या बागेत, सेक्रेटरींना सांगून. उपवन किंवा कचराळी तलावाच्या काठी, महापालिकेची परवानगी घेऊन. नेरूळला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेच्या फेरीवर किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात, बाग ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या संमतीने. एखाद्या वाचनालयाला विचारून बघा. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. तिथल्या एखाद्या कपाटात पुस्तकाच्या आकाराचा डबा ठेवायला मिळाला तर त्यासारखे काही नाही, आणि पोरे निदान त्या निमित्ताने आत पाऊल ठेवतील. डबा पारदर्शक असावा, वर मराठीत 'हा खेळाचा डबा आहे' असे लिहून संपर्क द्यावा, आणि वॉचमनला तो कुठे आहे हे माहीत असावे. वॉचमनला माहीत असल्याने खेळ बिघडतो असे म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडून उत्तर काढून घेऊन दाखवावे. आमच्याकडचे तर काही केल्या फुटत नाहीत.

एक आक्षेप मला तोंडावर ऐकवला गेला आहे आणि त्यात तथ्य आहे. येऊरला फ्लडलाइटची टर्फ आहेत, रात्री लग्नाचे लाऊडस्पीकर वाजतात, डोंगराखालून बोरिवलीला जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचे काम आहे. आमचा पावशेर डबाच काय तो रानाला जड झाला? जड झाला नाही. पण त्या दिव्यांविरुद्ध, त्या कर्ण्यांविरुद्ध तक्रारीवर सही करायला उद्या आपल्यातलेच लोक जाणार आहेत, गेलेही आहेत. समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल याचा विचार करून ठेवा. मी साक्षीदार म्हणून कोर्टात बऱ्याचदा उभा राहिलो आहे, म्हणून सांगतो.

वनखात्यातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही एक मागणे आहे. चौक्यांवर मराठीत एक पाटी लावा : कुठल्या वाटा खुल्या, किती वाजेपर्यंत, कुठली परवानगी कुणाकडून. लोकांना पुष्कळदा नियम मोडायचा नसतो, तो कुणाला विचारायचा हेच कळत नाही. आणि बिनडब्याचे चार-सहा टप्पे तुमच्याच निसर्गवाटांवर तुम्ही मंजूर केलेत, वाटाड्या म्हणून पाड्यावरची मुले घेतलीत आणि त्यांचा मोबदला आमच्याकडून ठरवून घेतलात, तर आम्ही आनंदाने देऊ. झाडाचे नाव, पक्ष्याची हाक आणि वाट कुठे निसरडी आहे हे त्या मुलांना आमच्या फोनपेक्षा चांगले कळते. नवरंग कुठे ओरडतो हे दाखवायला कुठलाही उपग्रह येत नाही.

आता कामाचे. ज्यांचे डबे आधीच आत आहेत त्यांनी पावसाळ्याची वाट न बघता ते काढावेत. दिवसा जा, चौकीवर विचारून जा, दोन मोठी माणसे जा, मुलांना नेऊ नका. डबा हाती आला की संकेतस्थळावरची नोंद नुसती तात्पुरती बंद करू नका, कायमची संग्रहात टाका, नाहीतर परगावचा कुणी जुने आकडे घेऊन येतो आणि डबा नसलेल्या जागी तीन गुंठे उकरत बसतो. डबा मिळाला नाही तरी नोंद बंद कराच, आणि जागा चौकीवर सांगून ठेवा. ज्यांना अर्थकॅश किंवा मल्टी बांधायचा आहे त्यांच्या आकड्यांची सरासरी काढून द्यायला, प्रश्न तपासायला मी रविवारी सकाळी उपवनच्या काठावर असतो. टोपी आणि जुनी पितळी होकायंत्राची डबी, यावरून ओळखाल. वही-पेन्सिल घेऊन या. महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदाही लिहून ठेवला आहे, तो तसाच उतरवून घ्या आणि बागेचे नाव तेवढे बदला.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
ठाणे